अर्थजालाची परिषद आणि मुके निबंध

‘पान’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तर ते झाडाचे, पुस्तकाचे की विड्याचे हे विद्यार्थी मागच्यापुढच्या शब्दांवरून ओळखतो. संगणकाला मात्र ती नुसती अक्षरांची जुळणी असते. इंटरनेटवरील मजकुराचा अर्थही यंत्राला हाताळता यावा, या कल्पनेला ‘सिमँटिक वेब’ म्हणतात. आपण तिला अर्थजाल म्हणू. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांनी मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातून ती सामान्य वाचकांपुढे मांडली. २००२ साली इटलीतील सार्डिनिया बेटावर या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पुढे ती दरवर्षी भरू लागली. या परिषदेकडे शोधनिबंध पाठवण्याची जी रीत आहे, तिची येथे चिकित्सा करायची आहे.

अर्थजालाचे मूळ तत्त्व व्याकरणाच्या तासाला शोभेल इतके सोपे आहे. प्रत्येक माहिती तीन पदांच्या विधानात मांडायची: कोणाविषयी, कोणता संबंध, कशाशी. ‘जयंत नारळीकर – जन्मस्थान – कोल्हापूर’ हे असे एक विधान. यातील व्यक्तीला, गावाला आणि ‘जन्मस्थान’ या संबंधालाही इंटरनेटवर स्वतंत्र, कायमचा पत्ता दिला जातो. त्यामुळे एकाच नावाच्या दोन गोष्टींचा घोळ होत नाही. अशा विधानांसाठीची आरडीएफ ही पद्धत १९९९ साली प्रमाण ठरली. २०१२ साली सुरू झालेला विकिडेटा हा साठाही विधानांचाच आहे. त्यात एकदा नोंदलेले विधान, पदांची मराठी नावे दिलेली असली, की मराठीतही वाचता येते. म्हणजे ज्ञान एका भाषेत अडकून पडत नाही.

आता निबंध पाठवण्याची रीत पाहू. परिषदेच्या काही महिने आधी आवाहन निघते. आधी गोषवारा, मग साधारण आठवड्याभराने पूर्ण निबंध. पंधरा-सोळा पानांची मर्यादा असते. अक्षरांचा आकार आणि समास प्रकाशकाने ठरवून दिलेले असतात. तीन-चार परीक्षक निबंध वाचतात, शंका काढतात, आणि शेवटी आलेल्यांपैकी थोडेच निबंध स्वीकारले जातात. ही शिस्त हवीच. तिच्यावाचून कोणीही कसलाही दावा करील.

आमचा आक्षेप निबंधाच्या रूपावर आहे. तो बहुतांशी पीडीएफ या रूपात जातो. पीडीएफ १९९३ साली आले ते कागदपत्र कोणत्याही यंत्रावर सारखेच दिसावे यासाठी. कोणते अक्षर पानावर कोठे बसवायचे, हे त्यात नेमके सांगितलेले असते. त्या अक्षरांचा अर्थ सांगितलेला नसतो. ‘अमुक पद्धतीने अमुक माहितीसंचावर इतकी अचूकता मिळाली’ हा निबंधाचा गाभा तक्त्याच्या एका चौकटीत पडून राहतो. साऱ्या जगाने आपली माहिती यंत्राला कळेल अशी मांडावी, असे सांगणारा निबंध स्वतः मात्र यंत्रापुढे मुका! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

या विसंगतीची किंमतही मोजावी लागते. जर्मनीत हॅनोव्हर येथील विज्ञान-तंत्रज्ञान ग्रंथालयाने शोधनिबंधांतील निष्कर्ष तुलना करता येतील अशा विधानरूपात नोंदवण्याचा प्रकल्प हाती घेतला. काम मोलाचे आहे. पण त्यासाठी प्रसिद्ध झालेले निबंध पुन्हा वाचून त्यांतील आकडे उकरून काढावे लागतात. लेखकाला लिहितानाच जे पक्के ठाऊक होते, ते दुसऱ्याने नंतर शोधत बसायचे. धान्यात आपणच खडे मिसळायचे आणि मग निवडत बसायचे, असा हा प्रकार आहे. आजची भाषा-प्रारूपे हे उकरण्याचे काम झपाट्याने करतात, हे खरे. पण तीही चुकतात, आणि चूक पडताळायला पुन्हा मूळ निबंधच उघडावा लागतो.

या क्षेत्रातील लोकांनी काहीच केले नाही, असे नाही. निबंधांची शीर्षके, लेखक, संस्था यांची माहिती विधानरूपात प्रसिद्ध करण्याचा उपक्रम त्यांनी चालवला. पण ते पुस्तकाचे वेष्टन झाले, आतला मजकूर नव्हे. माहितीसंच आणि संकल्पनांचे आराखडे यांसाठी परिषदेत स्वतंत्र विभाग निघाला. तेथे निबंधाबरोबर त्या साधनाचा कायमचा पत्ता आणि वापराचा परवाना मागतात. हे पाऊल योग्य दिशेने पडले.

मग उरलेले का होत नाही? कारण परीक्षक गुण देतो ते निबंधाला. नेमणूक आणि बढती ठरते ती निबंधांच्या यादीवर. ज्याला गुण नाहीत ते कोणी करत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

एक रास्त शंका अशी, की ‘बहुधा’, ‘या अटीवर’, ‘एवढ्या मर्यादेत’ हे विज्ञानातले महत्त्वाचे शब्द तीन पदांत मावायचे कसे? म्हणूनच निबंध बाद करा, असे आमचे म्हणणे नाही. ‘नॅनोपब्लिकेशन’ या पद्धतीत प्रत्येक विधानाबरोबर ते कशाच्या आधारे केले आणि कोणी, केव्हा नोंदले हेही जोडलेले असते. परिषदेने प्रत्येक निबंधासोबत अशी पाच मुख्य विधाने मागवावीत, ती पानांच्या मर्यादेत धरू नयेत आणि परीक्षकांनी तीही तपासावीत. आपला दावा पाच विधानांत मांडताना लेखकालाच त्यातला ढिसाळपणा दिसू लागेल.

हा प्रयोग वर्गात आजही करता येईल. पाठातील एखादा परिच्छेद देऊन त्यातून तीन पदांची विधाने काढायला सांगावे. ‘झाडे हवा शुद्ध करतात’ हे वाक्य सहज लिहून होईल आणि लगेच प्रश्न उठतील: कोणता वायू घेतात? कोणता सोडतात? दिवसा की रात्रीही? वाक्य जेथे अडेल तेथे थांबावे. पाठ पुन्हा शिकवण्याची जागा तीच असते.