भोंगा, खोली आणि पडदा : गिरणगावातील दूरचित्रवाणीविषयी

दूरचित्रवाणीने वाचन संपवले, माणसाला घरात कोंडले, समूहजीवन मोडले या विधानांना मराठी समीक्षेत एखाद्या सूत्राचे स्वरूप आले आहे. सूत्र एकदा सिद्ध मानले की ते तपासण्याची गरज उरत नाही. या मांडणीत 'घर' ही कल्पना गृहीत धरलेली असते. त्या घरात खोल्या किती, दार उघडे की बंद, माणसे कोणत्या प्रहरी कामावर आणि कोणत्या प्रहरी झोपेत, हे प्रश्न तिला पडत नाहीत. परिणामी मध्यमवर्गीय दिवाणखान्याचा अनुभव हाच माध्यमाचा स्वभाव ठरतो. गिरणगावाच्या संदर्भात मात्र हे सूत्र ढिले पडते. काही बाबतींत तर ते उलटे करूनच वाचावे लागते.

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन हे नावच कापसाच्या व्यापाराने दिलेले. हे 'ग्रीन' आधी कोटात होते, मग कुलाब्याला गेले आणि अखेर शिवडीच्या भरावाच्या जमिनीवर येऊन स्थिरावले. गोदामे, कापूसबाजाराची इमारत, गासड्या वाहणारे माथाडी, लगतची काळाचौकी आणि अभ्युदयनगर, व पश्चिमेला लालबाग-परळच्या गिरण्या व चाळी असा हा सलग श्रमप्रदेश होता. येथील जीवनाचे घड्याळ भोंगा हे होते. एका खोलीत अनेक बिऱ्हाडकरू पाळीपाळीने झोपत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडे. खोली ही निजण्याची जागा होती. जगणे गॅलरीत, नाक्यावर, खाणावळीत, व्यायामशाळेत आणि भजनी मंडळात घडे. राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिताना गिरणीइतकेच महत्त्व वस्तीला दिले, ते या वास्तवामुळेच.

रेमंड विल्यम्स यांच्या 1974 मधील दूरचित्रवाणीविषयक पुस्तकातील दोन संकल्पना येथे तपासून पाहण्यासारख्या आहेत. पहिली 'प्रवाह'. दूरचित्रवाणीचा अनुभव सुट्या कार्यक्रमांचा नसून अखंड वाहत्या क्रमाचा असतो, असे ते सांगतात. दुसरी, औद्योगिक समाजातील माणूस एकाच वेळी अधिक फिरता आणि अधिक घरकोंडा होतो, आणि हे माध्यम त्या दुहेरी गरजेला उत्तर देते, ही. आपल्याकडे या विवेचनाचा दाखला बहुधा जसाच्या तसा दिला जातो. परंतु त्यामागे कामाच्या जागेपासून दूर असलेले, स्वतःचे दार असलेले घर आहे. चाळीतील दहा-बारा फुटांच्या खोलीला हे दार मिळालेलेच नव्हते. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे चाळीतला संच हा मजल्याचा संच होता. लाकडी शटर सरकले की खोलीत मुले, उंबरठ्यावर बायका, गॅलरीच्या खिडकीशी पुरुष अशी बैठक जमे. विल्यम्स ज्या यंत्रात खासगीपणाची परिणती पाहतात ते यंत्र येथे प्रथम सार्वजनिक वस्तू म्हणूनच आले.

मग ते खासगी केव्हा झाले? येथे कालक्रम बोलका आहे. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि हजारोंना कामावरून कायमचे बाहेर काढून गेला. दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण याच वर्षी सुरू झाले. 1984 मध्ये 'हम लोग' ही प्रायोजित मालिका आली. पुढे जानेवारी 1987 पासून 'रामायण' आणि ऑक्टोबर 1988 पासून 'महाभारत' यांनी रविवारची सकाळ ताब्यात घेतली. हा योगायोग आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरी त्याचा अर्थ लावावा लागतो. भोंगा थांबल्यावर पाळी गेली, आणि पाळी गेल्यावर दिवसाला आकार देणारे काहीच उरले नाही. त्या रिकाम्या दिवसाला दूरदर्शनच्या वेळापत्रकाने दुसरा आकार दिला. विल्यम्सचा 'प्रवाह' गिरणगावात निराळा अर्थ घेतो तो असा : खंडित झालेल्या श्रमकाळाच्या जागी आलेला तो अखंड काळ होय.

समूहजीवन दूरचित्रवाणीने मोडले, या म्हणण्यातील सोय त्यामुळे उघड होते. कामगार रंगभूमी गिरणीतील खात्यांवर, कामगार कल्याण केंद्रांवर, पगाराच्या दिवशी जमणाऱ्या वर्गणीवर उभी होती. परळच्या दामोदर नाट्यगृहात नाटक करणारा साच्यावरचा कामगार रजा टाकून तालमीला जाई. रजा टाकायलाही नोकरी लागते. दशावतार, नमन, भजनी मंडळे यांचा आधार गावकीच्या खोल्या हा होता, आणि त्या खोल्या गिरणीच्या पगारावर चालत. हा पाया काढून घेतला गेला तो यंत्रमागाच्या स्पर्धेमुळे, मालकांच्या धोरणामुळे, पुढे गिरण्यांच्या जमिनींच्या भावामुळे. त्याचे खापर पडद्यावर फोडणारी समीक्षा नकळत मालकांची बाजू घेते.

याचा अर्थ हे माध्यम निर्दोष आहे असा नव्हे. त्याचा खरा अपराध वेगळ्या ठिकाणी आहे. शाहिरी, भजन, कामगार नाटक या रूपांत कामगार बोलणारा होता. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्यासमोरचा श्रोता उद्या स्वतः डफ हाती घेऊ शकत असे. दूरदर्शन हे शासकीय माध्यम होते, त्यामुळे 1982 मध्येही संपकऱ्याच्या हाती तेथे ध्वनिक्षेपक असण्याची शक्यता नव्हती. खासगी वाहिन्यांनी ही स्थिती पालटली नाही, उलट अधिक गोड केली. ऑगस्ट 1999 मध्ये 'अल्फा मराठी' सुरू झाल्यानंतर स्थिरावलेल्या कौटुंबिक मालिकांत मालवणी वा घाटी बोली बहुधा गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी उरली. गिरणगावाने स्वतःची भाषा ऐकली ती हसण्याच्या प्रसंगी. लालबागच्या राजाचेही असेच. 1934 पासूनचा हा वस्तीचा उत्सव वृत्तवाहिन्यांच्या काळात थेट प्रक्षेपणाचा विषय झाला, आणि दोन गल्ल्यांपलीकडचा रहिवासी आपल्याच नाक्याची गर्दी पडद्यावर पाहू लागला.

साहित्याने या पालटाची नोंद कशी घेतली, हा समीक्षेपुढचा अधिक निकडीचा प्रश्न आहे. नारायण सुर्व्यांच्या कवितेतील शाळा रस्त्यावर भरते. 'माझे विद्यापीठ' 1966 चे, म्हणजे मुंबईत दूरदर्शन येण्यापूर्वीचे. जयंत पवारांचे 'अधांतर' 1997 मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा गिरणगावाची खोली कामावर न जाणाऱ्या माणसांनी दिवसाउजेडी भरलेली होती. धुरी कुटुंबाची ती एकच खोली हे नाटकाचे स्थळ आहेच, पण ती नाटकाचा आशयही आहे. झोपण्यापुरती असलेली जागा संपूर्ण आयुष्याची जागा झाली की नात्यांचे काय होते, ते पवार दाखवतात. कौटुंबिक मालिकाही एकाच दिवाणखान्यात घडते. दोन्ही रूपबंध बंदिस्त. पण मालिकेच्या बंदिस्तीला बाहेर नसते. तेथे माणसे कोणत्या पगारावर जगतात, हे कळत नाही. 'अधांतर'मध्ये दुसरे काही कळण्याआधी तेच कळते. ज्या प्रेक्षकाने संध्याकाळी मालिका पाहिली त्यानेच हे नाटकही पाहिले असणे शक्य आहे. त्याच्या ठायी या दोन खोल्या शेजारी शेजारी कशा नांदल्या, याचा अभ्यास अभिरुचीच्या ऱ्हासाची तक्रार करून होणार नाही. मालिकेतल्या घराला दारावरची घंटा असते, आणि चाळीतील दार दिवसभर उघडे असे, इतक्या साध्या निरीक्षणापासूनही त्याचा आरंभ करता येईल.