‘दर्शन’ आणि श्रवण : बहुभाषिक लोकगीतांच्या प्रयोगाविषयी

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट यांच्या नेतृत्वाखाली ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ असे कार्यक्रम रंगमंचावर आणले. साने गुरुजींनी १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेशी त्यांचे नाते उघड आहे. म्हणूनच त्यांची चर्चा बहुधा राष्ट्रीय एकात्मतेच्या अंगाने होते. लोकगीताच्या संहितेचे तेथे काय होते, हा प्रश्न मागे पडतो.

‘दर्शन’ ही संज्ञाच बोलकी आहे. अपरिचित भाषेतील गीत श्रोत्याला अर्थाने नव्हे, तर वेशभूषा, पदन्यास आणि निवेदन यांच्याद्वारे पोहोचते. शब्द नादरूप होतात, आणि पेरणीचे वा पाठवणीचे गीत आपला प्रसंग सोडून प्रांताचे प्रतिनिधी बनते. ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकाने शांती बर्धन यांच्या दिग्दर्शनाखाली १९४४ मध्ये ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ सादर केले, तेव्हाही विविध प्रांतांचे कलाप्रकार एका राष्ट्रकथेत ओवले गेले होते. फरक एवढाच की तेथे कथेचा धागा घट्ट होता.

याच कलापथकाची लोकनाट्ये शेजारी ठेवली की उणीव नेमकी कळते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’सारख्या वगात हजरजबाबीपणाला, ताज्या राजकीय कोपरखळीला वाव होता. परभाषेतील गीतात ही मुभा उरत नाही. पाठ केलेले गीत चुकू नये, हीच चिंता. पदरची ओळ घालण्याचा अधिकार लोकगीताचा प्राण असेल, तर तो येथे गमावलेला असतो. मात्र मराठी तरुणाची जीभ परक्या उच्चाराला वळते, ही या प्रयोगाची खरी कमाई होय. ती प्रेक्षकापेक्षा गायकाच्या वाट्याला अधिक येते. समीक्षेने तिची दखल क्वचितच घेतली.

गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात लाखावर ओव्या गायिकेच्या व गावाच्या नावानिशी नोंदल्या गेल्या. रंगमंचीय बहुभाषिकतेत नेमके हे नाव गळते. उरतो तो प्रांत. प्रांत हे एकक तरी कितपत टिकते? २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीच्या दगडखाणींवर राबणाऱ्या वडार कुटुंबांची घरची बोली तेलुगूच्या जवळची, तर बाजारची भाषा मराठी. अशा घरातील गाणे ‘दर्शना’त कोणत्या प्रांताच्या वेशात उभे राहणार, याचे उत्तर त्या आकृतिबंधापाशी नाही.