हेडसेटमधलं तळिये: व्हीआर-प्रशिक्षणावरचे शोधनिबंध कसे वाचावेत?

समाजकार्याच्या शिक्षणात व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, वापरण्यावर अलीकडे बरेच शोधनिबंध येताहेत. विद्यार्थी डोळ्यांवर हेडसेट लावतो, समोर एखादं घर उभं राहतं. तो तिथल्या माणसाशी बोलतो, किंवा त्या माणसाच्याच नजरेतून सगळं बघतो. पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्या तुमच्यापैकी काहींना हा विषय खुणावत असणार. प्रस्ताव लिहायच्या आधी या साहित्याची जरा झाडाझडती घेऊ, आणि तीही हवेत नको, महाड-पोलादपूरची जमीन पायाखाली ठेवून.

जमेची बाजू

सिम्युलेशन समाजकार्याला नवं नाही. टोरांटोच्या मॅरियन बोगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय शिक्षणातली 'ऑस्की' परीक्षा समाजकार्यासाठी घडवली. प्रशिक्षित नट अशील होतो, विद्यार्थी मुलाखत घेतो, परीक्षक ठरलेल्या निकषांवर गुण देतो आणि मग विद्यार्थ्याला स्वतःच्या मुलाखतीबद्दल बोलतं करतात. यात विद्यार्थी चुकला तरी खऱ्या माणसाला इजा होत नाही, आणि सगळ्यांना सारखीच केस मिळते. गृहभेटीचा किंवा पहिल्या मुलाखतीचा सराव व्हीआरमध्ये करणं ही याचीच पुढची पायरी. त्याला माझा आक्षेप नाही.

गडबड कुठे आहे?

आक्षेप दुसऱ्या दाव्याला आहे: हेडसेट लावला की पीडिताचं दुःख 'कळतं'. २०१५ मध्ये चित्रपटकार ख्रिस मिल्क यांनी व्हीआरला समानुभूतीचं यंत्र म्हटलं आणि ती उपमा रुळली. पण २०२१ मध्ये मार्टिंगॅनो, हेरेरा आणि कॉनरॅथ यांनी ४३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. निष्कर्ष असा, की व्हीआरने भावनिक समानुभूती वाढते, पण समोरच्याची परिस्थिती समजून घेण्याची, म्हणजे बोधात्मक समानुभूती वाढत नाही. नुसतं वाचून किंवा कल्पना करून जेवढं साधतं, त्याहून जास्त व्हीआरने साधलं नाही.

उलट बाजूही बघा. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या अभ्यासात बेघरपणाचा व्हीआर अनुभव घेतलेल्यांचा दृष्टिकोन आठ आठवड्यांनंतरही अधिक अनुकूल होता. पण दृष्टिकोन बदलणं म्हणजे कौशल्य येणं नव्हे. आणि २०१५ मध्ये सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांना आढळलं, की डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा 'अनुभव' घेतलेल्यांना अंध माणसं कमी सक्षम वाटू लागली. सुरुवातीची धडपड त्यांनी अनुभवली, सवयीने येणारं कौशल्य त्यांना दिसलंच नाही.

आता तळिये

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गावची कोंडाळकरवाडी दरडीखाली गेली. ८० हून अधिक माणसं दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीला दरडी कोसळल्या, महाड शहरात सावित्रीचं पाणी शिरलं. २००५ च्या जुलैत जुई आणि दासगावने हेच भोगलं होतं.

समजा, कोणी तळियेचं सिम्युलेशन बनवलं. पाऊस, चिखल, आक्रोश. दहा मिनिटांत विद्यार्थ्याचे डोळे भरून येतील. पण तिथलं समाजकार्य कशात होतं? शोधकार्य थांबवलं तेव्हा कित्येक देह सापडले नव्हते. बेपत्ता माणूस मृत मानायला कायद्याने एरवी सात वर्षं लागतात. इथे न सापडलेल्यांनाही मृत धरावं लागलं. अशा वेळी दाखला कोण मिळवून देणार? वारसनोंद कशी होणार? सातबारावर नाव सासऱ्याचं, मदतीवर हक्क सुनेचाही, आणि मुंबईहून आलेला चाकरमानी दीर म्हणतो, सगळे कागद माझ्याकडे द्या. तात्पुरत्या कंटेनर-घरात राहणाऱ्या बाईला तलाठ्यापर्यंत कोण नेणार? हे सगळं महिनोन् महिने चालतं. हेडसेट दरड दाखवतो, दरडीनंतरचं वर्ष दाखवत नाही. आणि समाजकार्यकर्त्याचं बहुतेक काम त्या वर्षातच असतं.

आणखी एक गोष्ट. ज्यांची माणसं त्या मातीत आहेत, त्यांची संमती कोणी घ्यायची? सिम्युलेशनमध्ये वास्तव्याचा पुरावा नसतो, सातबारा नसतो, पण दुःख त्यांचंच असतं. शिवाय वर्गात महाड-पोलादपूरची एखादी विद्यार्थिनी असेल आणि तिच्याच घरातलं कोणी गेलेलं असेल, तर तिच्यासाठी हा सराव नाही. नैतिकता समितीच्या अर्जात 'सहभागी' म्हणजे फक्त विद्यार्थी असं धरलंत, तर हे दोन्ही प्रश्न तुमच्या नजरेतून सुटतील.

मग प्रस्ताव कसा लिहायचा?

असे निबंध वाचताना आधी नमुना किती आणि तुलना कशाशी, ते बघा. 'हेडसेट वापरून आत्मविश्वास वाढला' असं विद्यार्थ्यानेच प्रश्नावलीत लिहिलं असेल, तर त्याला कौशल्याचा पुरावा म्हणू नका. नव्या यंत्राचं कुतूहलही गुण वाढवतं. तुलना रिकाम्या गटाशी करू नका. वर्गातल्या साध्या नाट्य-सरावाशी करा, कारण तो आपल्याकडे फुकट होतो. आणि परिणाम क्षेत्रकार्यात मोजा: तीन महिन्यांनी, विद्यार्थी कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या पर्यवेक्षकाकडून. समोरची बाई गप्प बसली तर विद्यार्थी थांबतो का? कागद कुठे अडलाय, हे त्याला शोधता येतं का?

विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण प्रश्न बदला. 'व्हीआरने समानुभूती वाढते का?' याऐवजी 'गृहभेटीतलं नेमकं कोणतं कौशल्य व्हीआरने येतं, आणि कोणतं गावात जाऊनच येतं?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळालंय. दुसऱ्याचं उत्तर आपल्या डोंगरी तालुक्यांतून यायला हवं. घाट चढून दुसऱ्यांदा आलेल्या कार्यकर्त्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. पहिल्या भेटीत न सांगितलेलं बरंचसं तेव्हा सांगतात. ते कशात मोजायचं, हे ठरवणं हेच तुमचं संशोधन.