गंजिफा : जपायचा की खेळायचा?

वडखळ नाक्याजवळ आमचे एक मंडळ भरत असे. मंडळ म्हणायचे ते केवळ सवयीने. नोंदणी नव्हती, फलक नव्हता, वर्गणीची वही एकच होती. पेण, रोहा, अलिबाग या बाजूची आठ-दहा माणसे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमत. अलिबागचा फाटा इथेच फुटतो आणि गोव्याचा रस्ता इथूनच नागोठण्याकडे जातो, म्हणून ठिकाण सर्वांना सोयीचे. सगळे पत्ते जमवणारे. कुणाकडे विमान कंपन्यांनी वाटलेले कॅट, कुणाकडे जुन्या विलायती छपाईचे, कुणाकडे सिनेनट्यांची चित्रे असलेले. आणि तिघांकडे गंजिफा. नऊ वर्षे हे चालले. मग दोघे वारले, एक पुण्याला मुलाकडे राहायला गेले, करोनाची दोन वर्षे आली आणि मंडळ कुणी बंद न करताच बंद पडले.

यंदा गणपतीच्या आधी वारलेल्या दोघांपैकी एकाच्या पत्नीने मला घरी बोलावले. माळ्यावरून काढलेली एक लाकडी पेटी पुढे ठेवून म्हणाल्या, “भाऊ, यांचं तुम्हीच काय ते ठरवा. मुलांना यात रस नाही आणि रद्दीत घालायला माझा हात धजत नाही.” त्याच आठवड्यात दोन तरुणांनी, मंडळ पुन्हा सुरू करणार का, असे विचारले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे असे मला वाटू लागले आणि ते शोधताना गंजिफ्याच्या पुनरुज्जीवनाकडे नव्याने पाहावे लागले. हा लेख त्यातूनच झाला.

आधी इतिहास, थोडक्यात. गंजिफा इराणी वाटेने हिंदुस्थानात आला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदींमध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याचा उल्लेख आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या, प्रत्येक रंगात बारा पाने असलेल्या १४४ पानांच्या जुन्या खेळाचे वर्णन केले आहे. त्यातले राजे अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे. पुढे सर्वाधिक रुळला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा. याच सांगाड्यावर दहा अवतारांचे दहा रंग बसवून १२० पानांचा दशावतारी गंजिफा झाला आणि तो महाराष्ट्रात, विशेषतः सावंतवाडीत, स्थिरावला. मत्स्याच्या रंगाला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू अशा खुणा. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर ३६० पानांपर्यंत मजल मारणारे खेळ रचले. एक मूळ खेळ घेऊन प्रत्येक प्रांताने त्यात आपली भर घातली आहे.

आता खेळ. संग्राहकांच्या बैठकीत याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. दशावतारी गंजिफा सामान्यतः तिघांत खेळतात. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने. प्रचलित पद्धतीनुसार खेळ दिवसा असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, आणि रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. खरी मेख पुढे आहे. दहांपैकी पाच रंगांत प्रधानानंतर दश्शी मोठी आणि उतरत्या क्रमाने एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे, प्रधानानंतर एक्का मोठा आणि दश्शी तळाला. इथे हुकमाचा रंग नाही. एखाद्या रंगातली वरची पाने निघून गेली की उरलेल्यांतले सर्वांत मोठे पान त्या रंगाचे धनी होते. म्हणजे वराहाचा राजा गेला का, प्रधान गेला का, त्याखालचे कोणते पान अजून कुणाच्या हातात दबून आहे, हे दहाही रंगांबाबत डोक्यात ठेवायचे. पानावरचे चित्र कितीही सुंदर असो, खेळणाऱ्याच्या दृष्टीने गंजिफा म्हणजे मुख्यतः स्मरणशक्तीची तालीम.

हा खेळ मागे का पडला, याचे उत्तरही यातच आहे. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले ५२ पानांचे स्वस्त कॅट आले. हाताने रंगवलेल्या १२० गोल पानांपुढे ते खिशात मावणारे, चटकन शिकता येणारे आणि हरवले तर हळहळ न लावणारे. मेंढीकोट, लॅडीस, पाच-तीन-दोन घराघरांत शिरले. गंजिफा खेळणारे कमी झाले, म्हणून रंगवणारे कमी झाले. हा क्रम लक्षात ठेवायला हवा. आधी खेळ गेला, मग कला गेली.

सावंतवाडीचे पुनरुज्जीवन मात्र उलट्या टोकाने सुरू झाले. १९७०च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी हे काम हाती घेतले, तेव्हा ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे एकच वृद्ध कारागीर उरले होते. त्यांच्याकडून चिंचोक्याची खळ, खडूचा थर, रंग, लाख अशी सारी प्रक्रिया शिकून घेतली गेली आणि नवे चित्रकार तयार झाले. सत्त्वशीलादेवी स्वतः रंगवत. आज राजवाड्यात जाणाऱ्याला कलाकार पाने रंगवताना दिसतात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका म्हाताऱ्या हातावर लोंबकळत असलेली परंपरा पन्नास वर्षे टिकवणे ही लहान गोष्ट नाही आणि पुढे मी जे म्हणणार आहे त्याने तिचे मोल कमी होत नाही.

पण समीक्षकाने विचारायचा प्रश्न असा, की पुनरुज्जीवन नेमके कशाचे झाले? कारागिरीचे झाले, बाजाराचे झाले, नावाचे झाले. खेळाचे झाले नाही. जुन्या काळी गंजिफ्यात ‘दरबारी कलम’ आणि ‘बाजार कलम’ असे दोन दर्जे असत. दरबारी पानांना नक्षीदार काठ, बारीक काम. बाजारू पाने भराभर रंगवलेली, साधी, चारचौघांच्या खिशाला परवडणारी. आज कौतुक होते ते दरबारी बाजूचे. हाताने रंगवलेल्या पूर्ण संचाची किंमत हजारोंच्या घरात जाते आणि ती तशी जायलाच हवी, कारण कलाकाराची मजुरी तेवढी आहे. मात्र हजारो रुपयांचा संच कुणी सतरंजीवर पिसत नाही. तो भेट म्हणून दिला जातो, चौकटीत बसवला जातो. मानांकन वस्तूच्या नावाला संरक्षण देते. उतारी कुणाची, हे ते सांगत नाही.

या दृष्टीला संग्राहकही जबाबदार आहेत, आणि मी त्यांच्यातलाच. १९७२ मध्ये विलायतेत पत्त्यांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरचे गंजिफे जमवून अभ्यासले. १९८२ सालचे त्यांचे गंजिफ्यावरचे इंग्रजी पुस्तक आजही आधारभूत मानले जाते. अशा माणसांनी नोंद केली नसती तर कितीतरी संच चुलीत गेले असते. परंतु संग्राहकाच्या नजरेला एक खोड असते. तिला पूर्ण, स्वच्छ, हात न लागलेला संच हवा असतो. वापर म्हणजे तिच्या लेखी झीज.

मला हे समजले ते त्या पेटीमुळे. पेटीतला संच मी पूर्वी पाहिला होता. आमच्या बैठकीत आम्ही त्याला दुय्यम ठरवले होते, कारण १२०पैकी दोन पाने मूळची नाहीत. कूर्माची छक्की आणि कल्कीची तिर्री दुसऱ्याच कुणीतरी, वेगळ्या जाडीच्या कागदावर, अडाणी हाताने काढलेली आहे. कासवांना पाय आहेत, पण डोकी नाहीत. “संच पूर्ण नाही,” असे म्हणून मीच तो बाजूला सारला होता. यंदा पुन्हा पाहताना उलटे दिसले. ही दोन पाने कुणी का काढली असतील? खेळ अडला म्हणून. पाने हरवेपर्यंत हा संच खेळात होता आणि हरवल्यावरही खेळ थांबू नये असे कुणाला तरी वाटले होते. त्या पेटीतला सर्वांत बोलका पुरावा आम्ही दोष म्हणून मोजला होता.

याला पेणच्या गणपतीचा दाखला जोडावासा वाटतो. आमच्या तालुक्यात पेण शहर, हमरापूर, जोहे इथे घरोघरी मूर्ती घडतात. डोळ्यांची आखणी करणारा हात इथे दुर्मीळ झालेला नाही. कारण मूर्ती दरवर्षी विसर्जित होते आणि दरवर्षी नवी लागते. मूर्ती जपून ठेवण्याची प्रथा असती, तर पेणमध्येही आज एखादा शेवटचा वृद्ध कारागीर शोधावा लागला असता. ओडिशातही हेच दिसते. तिथे पुरीकडे आणि गंजाम भागात गावातली वयस्कर माणसे अजून ‘गंजपा’ खेळतात, म्हणून चित्रकारांकडे खेळायच्या साध्या पानांनाही गिऱ्हाईक असते. तिथेही खेळणारे घटत आहेत हे खरे, पण खेळ आणि कला यांची गाठ सुटलेली नाही.

तेव्हा स्वतःच करून पाहावे असे ठरवले. जुन्या लग्नपत्रिकांवर बांगडी ठेवून १२० गोल कापले, स्केचपेनने खुणा काढल्या आणि गणपतीच्या रात्री जागरणाला मी, माझा भाचा आणि त्याची आठवीतली मुलगी असे तिघे बसलो. चाळीस गोल पाने एका हातात धरणे हीच पहिली कसरत. पहिला डाव दोन तासांहून अधिक चालला आणि कोणत्या रंगात दश्शी मोठी, कोणत्या रंगात एक्का, यावरून तीनदा भांडण झाले. चौथ्यांदा होण्याआधी त्या मुलीने ज्या पाच रंगांत क्रम उलटा आहे त्या पानांच्या कडेने लाल रेघ ओढली आणि प्रत्येक पानावर आकडा लिहून टाकला. माझ्यातला संग्राहक कळवळला. पण दुसरा डाव तासात संपला, आणि तो तिनेच जिंकला. नृसिंहाचा प्रधान माझ्याकडे आहे, हे तिने न पाहता ओळखले होते.

हा सगळा अनुभव जुन्या मंडळींपैकी एकांना फोनवर सांगितला, तेव्हा त्यांनी रास्त आक्षेप घेतला. “खेळा, खेळा म्हणता, पण घामाचा हात लागला की जुन्या पानाचा रंग जातो. एकदा गेलेला रंग तुम्ही कुठून आणणार?” त्यांचे बरोबर आहे. जुना संच खेळायला काढणे हा पुनरुज्जीवनाचा मार्ग नव्हे. आणखी एक अडचण मी माझ्या परीने मांडतो. लग्नपत्रिकेच्या पानांवर खेळून सावंतवाडीच्या चित्रकाराला एक रुपयाही मिळत नाही. आपण खेळ वाचवला आणि कारागीर उपाशी ठेवला, तर आधीचीच चूक दुसऱ्या टोकाने केल्यासारखे होईल.

दोन्ही आक्षेप मान्य करूनही माझे मत बदलत नाही. त्यांमुळे कामाची वाटणी मात्र ठरते. जुनी पाने जपायची, त्यांची नोंद ठेवायची. तीत जोडलेली पाने दोष म्हणून नव्हे तर माहिती म्हणून लिहायची. खेळायला साधी, आकडे घातलेली पाने वापरायची. आणि खेळणारे पुरेसे झाले की सावंतवाडीच्या चित्रकारांकडे दरबारी नव्हे, तर बाजार कलमाची, थोडक्या कामाची, पिसता येणारी पाने मागायची. ही मागणी आज कुणी करत नाही, कारण खेळणाराच नाही. ती निर्माण करणे एवढेच आमच्यासारख्यांच्या हातात आहे.

म्हणून मंडळ सुरू करायचे, पण जुने नाही. जुन्या मंडळात आम्ही एकमेकांना कॅट दाखवून घरी जात होतो. नऊ वर्षांत तीन गंजिफे समोर असूनही एक डाव झाला नाही, याची लाज मला आता वाटते. नव्या मंडळाला नियम एकच. कुणीही संच दाखवायला आणला, तर त्या दिवशी किमान एक डाव व्हायला हवा. आठ माणसे नकोत, तीन पुरेत. तीनही जमली नाहीत तर मंडळ खुशाल बंद करावे. खेळणाऱ्यांशिवाय ते चालवण्यात आता मला अर्थ दिसत नाही.

त्या बाईंना मी तसे सांगून आलो. पेटी त्यांच्याच घरी, कोरड्या फडताळात राहील. यादी मी करून दिली आहे. त्यांनी विचारले, “यांना खेळता यायचं का हो?” मला उत्तर देता आले नाही. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

पहिली बैठक त्रिपुरी पौर्णिमेला वडखळला ठेवली आहे. रात्रीची वेळ आहे, म्हणजे उतारी कृष्णाची.