नियमपालन 40 टक्के

साहित्यकृतीची समीक्षा करताना लेखकाने कोणाला नाव दिले आणि कोणाला नुसतेच गर्दीत उभे केले, हे आपण आवर्जून तपासतो. शासनाच्या टेबलावर जाणाऱ्या संशोधनाला हीच कसोटी लावायला मात्र आपण बिचकतो. तिथे गणित असते, आणि गणितापुढे आपला कार्यकर्ता, आपला प्राध्यापकसुद्धा, मान खाली घालतो. मी इथे एका गणिताचीच समीक्षा करणार आहे.

2020 साली करोनाच्या साथीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी मुंबईचे एक संगणकीय प्रतिमान तयार केले. आज सगळे त्याला मॉडेल म्हणतात. 2011 च्या जनगणनेवरून त्यांनी यंत्रात सुमारे सव्वा कोट माणसांचे कृत्रिम शहर वसवले. माणसाला वय दिले, घर दिले, कुणाला शाळा तर कुणाला कामाची जागा दिली, लोकलचा प्रवास दिला. महापालिकेच्या 24 विभागांची झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी अशी फाळणी केली. मग यंत्राला विचारले, टाळेबंदी अमुक तारखेला उठवली, कचेऱ्या इतक्या टक्क्यांनी भरल्या, लोकल सुरू केली, तर इस्पितळांत किती खाटा लागतील, किती माणसे मरतील?

हे काम निष्ठेने झाले, आणि अंधारात चाचपडणाऱ्या प्रशासनाला त्याचा उपयोगही झाला. ते मी नाकारत नाही. मला अडकवले ते एका गृहीतकाने. घरात थांबा, अंतर राखा या नियमांचे पालन बिगर-झोपडपट्टीत 60 टक्के घरे करतील आणि झोपडपट्टीत 40 टक्के, असे त्यात धरले होते. संशोधकांचा हेतू तुच्छतेचा होता असे मी म्हणणार नाही. दाटीत अंतर राखणे अवघड, एवढेच त्यांना सुचवायचे असावे. परंतु शब्द पाहा. शब्द आहे 'नियमपालन'. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, बाहेर सार्वजनिक संडासाची रांग, नळाला ठरावीक वेळच पाणी, आणि त्या घरातली बाई भर टाळेबंदीत महापालिकेचा झाडू घेऊन पहाटे रस्त्यावर. ती बाई नियम मोडते आहे काय? तिला तर शासनानेच बाहेर बोलावले आहे! वस्तीची जी अडचण आहे, ती गणितात वस्तीचे वर्तन होऊन बसली.

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. संडासाची रांग म्हणा की नियमपालन म्हणा, आकडा तोच राहणार. नाही, मित्रहो. प्रतिमानात जी कळ बसवलेली असते तीच शासनाला फिरवता येते. दर शंभर माणसांमागे संडासाची भांडी किती, पाणी किती तास, आजारी कामगाराला भरपगारी रजा किती दिवस, अशा कळा त्यात असत्या, तर आयुक्तांना विचारता आले असते: घाटकोपरच्या टेकड्यांवर इतकी भांडी वाढवली तर किती मृत्यू टळतील? कळ नियमपालनाची असली की उत्तर एकाच दिशेला निघते. लोकांना अधिक ऐकायला लावा. आणि ऐकायला लावण्याचे काम आपल्याकडे आरोग्य खाते करीत नाही, पोलिस करतात. 11 जुलै 1997 रोजी ज्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबारात दहा माणसे गेली, त्या वस्तीला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच साली, जुलै 2020 मध्ये, नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने रक्तनमुन्यांची पाहणी केली. दहिसरचा आर उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि माटुंग्याचा एफ उत्तर असे तीन विभाग घेतले, नमुने 6,936. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, बिगर-झोपडपट्टीत 16 टक्के. ही पाहणी झाली नसती तर ही दरी कागदावर आली नसती, आणि सामायिक संडास व पाण्याच्या जागा हे एक संभाव्य कारण म्हणून तिनेच नोंदवले. पुढे वर्तमानपत्रांतून चर्चा रंगली ती झोपडपट्टीच्या सामूहिक प्रतिकारशक्तीची. संडासाचे कारण मागे पडले आणि जणू वस्तीने आजारी पडून शहरावर उपकार केले!

आता पैशाचा प्रश्न. टाटा मूलभूत संशोधन संस्था 1945 साली टाटांच्या न्यासाच्या मदतीने उभी राहिली, आज ती अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. रक्तपाहणीला ए. टी. ई. चंद्रा फाउंडेशनसारख्या खासगी न्यासाचा हातभार लागला. दान वाईट नाही, तातडीच्या वेळी ते लवकर पोचते. पण पैसा देणारा आणि उत्तर वापरणारा यांच्या घाईनेच प्रश्न ठरतात, आणि 2020 मध्ये घाई होती ती शहर कधी उघडेल याची. ज्याच्या अंगावर गणित चालते त्याने फक्त रक्त द्यायचे. जनगणनेच्या ज्या तक्त्यांवरून कृत्रिम शहर उभे राहिले, त्या तक्त्यांत अनुसूचित जातींचा रकाना प्रभागवार छापलेला आहे. यंत्रातल्या माणसाला मात्र जात दिली गेली नाही. कचऱ्याच्या गाडीवर कोण, गटारात कोण आणि इस्पितळाच्या मोरीत कोण, हे या शहरात जातीवाचून सांगता येते काय?

दोष केवळ त्यांचा नाही. आम्ही कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, तक्ते लिहिले नाहीत. बाबासाहेबांनी 1919 मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली ती आकडेवारी हातात घेऊन. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीसाठी नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते. 1930 चा तो अहवाल सरकारी पैशातून झाला, आणि प्रश्न ठरविणाऱ्यांत एक अस्पृश्य होता. नव्वद वर्षांनंतरच्या प्रतिमानाबद्दल असे म्हणता येईल असे मला दिसत नाही.

केंद्राने 2025 मध्ये येत्या जनगणनेत जातवार गणना करण्याचे ठरवले असून तिचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे. पुढची साथ येईल तेव्हा यंत्रातली मुंबई बहुधा त्याच तक्त्यांवरून वसवली जाईल. कोणते रकाने उचलायचे, हे ठरविणाऱ्या बैठकीला मुलुंडचा किंवा बोरिवलीचा एखादा सफाई कामगार, त्याची एखादी संख्याशास्त्र शिकलेली मुलगी, बोलावली जावी यासाठीचे मागणीपत्र महापालिकेकडे आणि त्या संस्थांकडे आताच गेले पाहिजे. मसुदा कोणी करायला घेणार असेल तर त्याच्याबरोबर बसायला मी तयार आहे.