ओढणीसकट

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. स्वारगेटहून कात्रजकडे जाणारी बस, संध्याकाळची गर्दी आणि माझ्या अंगात हिरवा पंजाबी ड्रेस. मागे उभ्या असलेल्या माणसाने काय केलं ते तपशिलात सांगत नाही. वाचणाऱ्या मुलींना त्याची गरजही नाही. पुढच्याच स्टॉपला उतरले. होस्टेलवर पोचल्यावर रूममेटला सांगितलेलं पहिलं वाक्य असं होतं : ‘अगं, पूर्ण ड्रेस होता अंगात, ओढणीसकट!’

तिने कपड्यांबद्दल काहीच विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं. उत्तर आधीच तयार ठेवलेलं होतं माझ्याकडे. आणि त्या दिवशी जीन्स-टीशर्ट असता तर? बहुतेक मी रूममेटलाही काही सांगितलं नसतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून या विषयावरचं काहीही वाचताना किंवा बघताना मी आधी एवढंच तपासते : हे लोक माझ्यासारखं उत्तर देतायत का?

उदाहरणार्थ, ‘तू काय घातलं होतंस?’ या प्रश्नाभोवती भरलेली प्रदर्शनं. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातून ही कल्पना पुढे आली आणि मग अनेक देशांत पसरली. अत्याचाराच्या वेळी बायकांच्या अंगावर जसे कपडे होते तसेच कपडे भिंतीवर लावायचे. २०१८ साली ब्रसेल्समध्ये असं प्रदर्शन भरलं, त्याचे फोटो आपल्याकडेही व्हॉट्सॅपवर फिरले होते. पायजमे, ट्रॅकसूट, लहान मुलीचा कार्टूनचा शर्ट. तो शर्ट बघून घशात आवंढा येतो, यात वादच नाही.

पण त्या आवंढ्यात थोडी सुटकाही असते. ‘बघा, किती साधे कपडे!’ म्हणजे साधे नसते तर? भिंतीवरच्या पायजम्याशेजारी एखादा चमचमता, पाठ उघडी असलेला ड्रेस टांगला, की बघणाऱ्याच्या मनात तेवढ्यापुरता हिशोब पुन्हा सुरू होतो. आम्हा इंजिनिअर लोकांना वाटतं की नियमाविरुद्ध एक उदाहरण सापडलं की नियम पडला. गणितात पडतो. ‘कपड्यांमुळे होतं’ म्हणणारा माणूस मात्र नियम मांडतच नसतो. त्याला फक्त दोष कुठे तरी ठेवायचा असतो. पायजमा दाखवलात तर तो म्हणेल, एवढ्या रात्री तिथे कशाला गेली होती?

बंगळुरूच्या जस्मीन पथेजा यांचा ‘ब्लँक नॉइझ’ हा प्रकल्पही बायकांकडून असे कपडे गोळा करतो. तिथे मला निदान नाव जास्त पटतं. ‘आय नेव्हर आस्क फॉर इट’. मी हे मागितलं नव्हतं, एवढंच. कपडा कसा होता याचा त्या वाक्यात उल्लेखच नाही.

आता आपल्या घरचा शब्द घेऊ. विनयभंग. पेपरात आपण तो इतक्यांदा वाचतो की त्याच्या आत काय आहे हे दिसेनासं होतं. एरवी ‘विनय’ भेटतो तो शाळेच्या भिंतीवरच्या, विद्येशी त्याचं नातं जोडणाऱ्या सुभाषितात. नम्रता, शालीनता, खाली नजर. गुन्हा होतो तो माणसावर, पण शब्द म्हणतो की मोडला तो तिचा विनय. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : मुळात होता का? किती होता? बातमीतलं वाक्यही बघा, ‘तरुणीचा विनयभंग’. करणारा मथळ्यातून गायब.

हा निव्वळ शब्दच्छल वाटत असेल तर न्यायालयांचे निकाल वाचा. १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३५४ याच कल्पनेवर उभं होतं आणि १ जुलै २०२४पासून आलेल्या न्याय संहितेत ते कलम ७४ झालं, कल्पना तीच. साडेसात महिन्यांच्या एका बाळावरच्या अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. प्रश्न असा, की एवढ्या तान्ह्या मुलीला विनय असतो का? पंजाबच्या उच्च न्यायालयाने हे कलम लागू होत नाही असं ठरवलं होतं. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं, पण तेही दोन विरुद्ध एक अशा मतांनी. निकाल योग्य लागला. तरी तान्ह्या बाळाच्या विनयावर मोठमोठ्या लोकांना गंभीरपणे चर्चा करावी लागली, कारण शब्दच तसा निवडलेला होता.

जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात वेगळंच सांगितलं. आरोपीने तिचा टॉप न काढता स्पर्श केला, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही, फक्त विनयभंग. म्हणजे शिक्षा कमी. सर्वोच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द केला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळात कोळिकोडच्या सत्र न्यायालयाने एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना तक्रारदार बाईच्या फोटोंकडे बोट दाखवलं. तिचे कपडे उत्तेजक आहेत, सबब लैंगिक छळाचं कलम सकृद्दर्शनी लागत नाही. ते शेरे पुढे उच्च न्यायालयाने काढून टाकले. जामीन मात्र कायम राहिला.

हे दोन्ही आदेश शेजारी ठेवून वाचले तेव्हा मी काही वेळ फोन बाजूला ठेवून बसले होते. कोळिकोडला कपडा कमी म्हणून त्याचा फायदा, नागपूरला कपडा मध्ये आला म्हणून त्याचा फायदा. माझी ओढणी यातल्या कुठल्या न्यायालयात माझ्या बाजूने उभी राहिली असती?

आणि कपड्यांचा विषयच निघाला नाही, तरी काही बिघडत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिला शरीरसंबंधांची सवय होती, यावर बोललं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला जाहीर पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, १९८३मध्ये कायदा बदलला. प्रश्न मात्र जागा बदलत राहिला.

म्हणून मला ‘पिंक’ परत बघावासा वाटला. २०१६चा, अनिरुद्ध रॉय चौधरींचा. सगळ्यांना आठवतं ते अमिताभचं शेवटचं ‘नो’वालं भाषण. ते मला आता जरा जडच वाटतं. मुलींचं म्हणणं खरं ठरायला शेवटी एका वयस्कर पुरुषाचा तोच भारदस्त आवाज लागतो, हे चित्रपटाचं दुबळं अंग आहे. मुलींसाठीचे सुरक्षिततेचे नियम तो उपरोधाने मोजत जातो तेही टाळ्यांसाठी लिहिलेलं आहे.

पण एक जागा अशी आहे की तिच्यासाठी बाकी सगळं माफ. समोरचा वकील तिघींना पैसे घेणाऱ्या मुली ठरवतोय. नाही, नाही, म्हणून थकलेली फलक (कीर्ती कुल्हारी) अचानक म्हणते की हो, घेतले पैसे. खोटं आहे ते. बचावाच्या दृष्टीने आत्मघातकी आहे. आणि पुढे ती विचारते की घेतले असं धरलं आणि नंतर मीनलने नकार दिला, तर? तिच्यावर जबरदस्ती करायचा हक्क मिळाला का?

पायजम्याचं प्रदर्शन जे करू शकत नाही ते इथे होतं. ही मुलगी सगळ्यात वाईट उत्तर कबूल करून टाकते आणि तरी गुन्हा जागच्या जागी राहतो. चित्रपटाने सोज्वळ नायिका निवडल्या नाहीत, त्या पितात, स्कर्ट घालतात, त्यांना मित्र आहेत, याचं खरं कारण मला या प्रसंगात कळलं. सोज्वळ मुलगी असती तर फलकला हे बोलायची वेळच आली नसती, आणि आपण निर्धास्तपणे तिच्या बाजूचे झालो असतो.

मी ते दृश्य मागे नेऊन तीनदा पाहिलं. मग बसमधली गोष्ट ड्रेसशिवाय लिहून पाहिली : गर्दी होती, मागच्या माणसाने हात लावला, मी उतरले. वाचलं तर काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. या लेखाचा पहिला परिच्छेदही मी तसा लिहून पाहिला होता, हिरवा रंग, पंजाबी ड्रेस, सगळं खोडून. दोन दिवसांनी परत उघडला आणि ड्रेस पुन्हा टाकला. तो तिथेच आहे, ओढणीसकट.