पल्ल्यावरचा देव आणि तळाची नदी

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, जीन्सच्या कारखान्यांत, मिठाईवाल्याच्या गल्ल्यामागे एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. लाटांवर मासा, माशावर कमळ, कमळावर मांडी घालून बसलेले पांढऱ्या दाढीचे राजबिंडे दैवत. शिरपेचात मोरपीस, हातात पोथी, गळ्यात मोत्यांचे सर. हे झूलेलाल. भारतीय अलंकृत आकृतिचित्रांची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा रविवर्म्यापासून आजच्या प्रदर्शनांपर्यंत नावे घेतली जातात. या चित्राचे नाव क्वचितच निघते. ते 'कॅलेंडरवरचे' म्हणून बाजूला पडते. माझ्या मते असे करताना आपण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले सर्वांत जास्त पाहिले गेलेले चित्रच न पाहता सोडून देतो.

आधी प्रतिमेचे मूळ पाहू. झूलेलाल म्हणजे उदेरोलाल, सिंधमधील नसरपूरला जन्मलेला वरुणावतार. ठठ्ठ्याच्या मिर्खशाहाच्या जुलुमातून त्याने हिंदूंना सोडवले, अशी कथा आहे. कथेतला उदेरोलाल घोड्यावर बसणारा, हाती शस्त्र घेणारा वीरही आहे. भिंतीवरच्या चित्रात मात्र घोडा नाही, मासा आहे. हा मासा एकट्या हिंदू परंपरेतला नाही. सक्करजवळच्या सिंधूतल्या बेटावरील जिंदा पीर, म्हणजेच ख्वाजा खिज्र, हाही पाण्याचा रक्षक. माशावर उभा असलेला हिरव्या वस्त्रांतला खिज्र मुघल शैलीच्या लघुचित्रांत आढळतो. सिंधमधील उदेरोलालच्या स्थानीही हिंदू आणि मुसलमान दोघे जात आले. मुसलमान त्यालाच शेख ताहिर म्हणतात. चित्रातला पल्ला म्हणजे हिल्सा. तो समुद्रातून नदीत शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध वर चढतो. घरदार मागे टाकून आलेल्यांना यापेक्षा समर्पक वाहन कोणते मिळाले असते?

मांडणी मात्र सिंधची नाही, ती आपल्या ओळखीची आहे. मध्यभागी समोरून दिसणारी आकृती, खाली कमळ, मागे आकाश आणि पाणी, अंगावर प्रत्येक मणी मोजता येईल असे दागिने: ही रविवर्मा छापखान्याने घरोघर पोचवलेल्या लक्ष्मीची चौकट आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवाचे चित्र कसे असावे याची सवय पश्चिम भारताच्या डोळ्यांना त्याने लावली. फाळणीनंतर राम पंजवाणी यांच्यासारख्या प्राध्यापक-गायकांनी विखुरलेल्या सिंधी समाजाला झूलेलाल आणि चेटीचंड यांच्याभोवती एकत्र आणले, तेव्हा त्या दैवताला बसायला ही चौकट तयारच होती.

आता तारखा शेजारी ठेवून पाहू. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते, लष्कराच्या जुन्या बराकींतल्या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. आधुनिक चित्रकाराने दागिना उतरवला, गोडवा टाकला, आकृती मोडली. सतीश गुजराल यांनी फाळणीचे दुःख रंगवले ते पाठमोऱ्या, कोसळलेल्या, चेहरे झाकलेल्या माणसांतून. ती चित्रे थोर आहेत. पण ज्यांच्यावर फाळणी गुदरली होती त्यांनी बराकीच्या भिंतीवर टांगले ते शांत चेहऱ्याचे, भरजरी दैवत. ही अभिरुचीची कमतरता नव्हती. ज्यांचे सोनेनाणे सिंधमध्ये राहिले किंवा वाटेत गेले, त्यांच्यासाठी देवाच्या गळ्यातले मोती हा निव्वळ अलंकार कसा असेल?

मग या चित्रात दुःख कुठेच नाही का? आहे, असे मला वाटते, आणि ते पाण्यात आहे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रतींत नदीला काठ नाही. समोर पाणी, मागे पाणी, क्षितिजाशीही पाणीच. गाव नाही, घाट नाही, नाव नाही. ती सिंधू आहे हे सर्वांना ठाऊक आहे, पण ती कुठली, हे सांगणारी एकही खूण चित्रात नाही. चित्रकाराने हे ठरवून केले असेल असा माझा दावा नाही. पाहणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही, एवढे मला पुरेसे आहे.

चित्रात उणीव नाही असे मात्र नाही, आणि ती मोजायची पट्टी दोन-तीन मैलांवर उभी आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर भूमिज शैलीतले. त्याच्या भिंतींवर इंचभरही जागा मोकळी नाही, तरी डोळा दमत नाही. प्रत्येक आकृतीला कोनाडा आहे, प्रत्येक थराला खोली आहे. ऊन सरकते तशी एक मूर्ती उजळते, दुसरी सावलीत जाते. म्हणूनच १८६८ मध्ये जे. जे. स्कूलच्या मंडळींनी इथे येऊन साचे आणि रेखाटने केली. तिथे अलंकार वास्तूचे ऐकतो. झूलेलालच्या आजच्या फ्लेक्सवर तो कुणाचेच ऐकत नाही. माशाचे खवले, मुकुटातले हिरे, लाटांचा फेस, सगळे सारख्याच चकाकीचे. वर दिव्यांची माळ. सगळेच चमकते तेव्हा नजर कुठेच थांबत नाही. जुन्या फिकट छापील प्रतींत चेहरा अजून चेहरा होता. नव्या फ्लेक्सवर तो दागिन्यांतला एक दागिना झाला आहे.

गॅलरीचा प्रश्न इथे येतो. गॅलरी म्हणजे नुसती पांढरी भिंत नव्हे. एका चित्राशेजारी दुसरे ठेवून तुलना करू देणारी जागा. खिज्राचे लघुचित्र, मळवलीची लक्ष्मी, बराकीतले जुने झूलेलाल आणि आजचे फ्लेक्स एका ओळीत लावले, तर चित्रकार काय कमावतो आणि काय गमावतो हे शाळकरी मुलालाही कळेल. त्या प्रती आज घराघरांत पिवळ्या पडत आहेत. नवी फ्रेम आली की जुनी जाते.

उल्हासनगराला नाव उल्हास नदीवरून मिळाले. अंबरनाथच्या मंदिराला लागून वाहणारी वालधुनी या शहरापर्यंत पोचते ती रसायनांनी रंगलेली. तिच्या दोन्ही तीरांवर निळ्याशार नदीचे चित्र पूजले जाते. अलंकृत चित्रावर नेहमीचा आक्षेप असा की ते वास्तव झाकते. या चित्रात मला उलटे दिसते: पाणी कसे असायला हवे, हे या शहरात आता फक्त त्या भिंतीवरच लिहिलेले आहे.